रूम नाइट गेल्या, आता पॉइंट आले

"हॉलिडे पॉइंट घ्या, नाही वापरले तर भाड्यानं द्या, घरबसल्या कमाई!" यवतमाळात मोफत जेवणाला बोलावून हे सांगणाऱ्यांना विचारा राजेहो, पॅनकार्ड क्लब्स आठवते का?

तिथं हॉटेलातल्या 'रूम नाइट' विकल्या. खोली नाही वापरली तर मुदतीनंतर वाढून पैसे. कापूस विकून गोव्याची खोली कोण घेते? लोकांनी एफडी समजूनच हप्ते भरले. ३१ जुलै २०१४ ला सेबीनं नवीन पैसे घेणं थांबवलं, तोवर ५१ लाखांवर लोकांचे ७,०३५ कोटी गोळा झाले होते. कंपनी म्हणे आम्ही टाइमशेअर विकतो. सेबी म्हणाली, ही विनानोंदणी सामूहिक गुंतवणूक योजना. २०१६ मध्ये पैसे परत करायचा आदेश निघाला. आदेशानं पोट भरते का?

आता पॉइंटवाल्यांनी लेखी द्यावं. भाड्यानं द्यायची मुभा करारात कुठं आहे? दिवाळीत, मे महिन्यात खोली मिळेल? खोली वापरली नाही तरी दरवर्षीचा मेंटेनन्स कोण भरणार? आणि विकायचे म्हटले तर घेणार कोण? सही करायच्या आधी कराराचे फोटो मला पाठवा, बारीक अक्षरातलं सगळं वाचून सांगतो.