आतला विस्तव

कारवार-अंकोल्याकडील एखाद्या गृहस्थाच्या छातीत अपरात्री कळ उठली की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो औषधाचा नव्हे, वाटेचा. आरबैल घाट चढून, यल्लापूर मागे टाकून हुबळी गाठावी, की पोळे ओलांडून गोव्यात यावे? कारवारहून हुबळीची वाट दीडशेहून अधिक किलोमीटरची. 1957 साली तेथे निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने घाटाखालच्या कित्येकांना आधार दिला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याला अद्ययावत इस्पितळ हवे, म्हणून 2022 साली तेथील जनतेने आवाज उठविला, तोही रास्तच होता. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली आहे. झटका येतो तो एका रात्री. त्याची तयारी मात्र शरीरात वर्षानुवर्षे चाललेली असते.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या म्हणजे जणू नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यांत साचणारा गाळ, अशी आपली समजूत आहे. ती अपुरी आहे. धमनीच्या अस्तरात मेद शिरला की त्याचा समाचार घेण्यास रक्तातील पांढऱ्या पेशी धावतात आणि तेथे दाह सुरू होतो. हा विस्तव धुमसत राहिला की मेदावरील पापुद्रा झिजतो, एके दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. कोलेस्टेरॉलचा अहवाल निर्दोष असूनही माणूस अचानक का कोसळतो, याचा उलगडा पुष्कळदा येथे होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच धमन्यांतील दाहाकडे बोट दाखविले होते. 2017 साली अमेरिकेतील पॉल रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, पूर्वी झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोलेस्टेरॉल न घटविता केवळ दाह शमविणाऱ्या औषधाने पुढील झटके व तत्सम आपत्ती सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. संधिरोगावरील जुन्या, स्वस्त कोल्चिसिनचा 2019 साली गुण दिसला, तर 2024 च्या मोठ्या प्रयोगात तो दिसला नाही. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणी औषधाच्या मागे लागू नये. पावसाळ्यात आपल्या रानात फुलणाऱ्या कळलावीतही हेच कोल्चिसिन असते. ती घरगुती उपचार म्हणून पोटात घेणे म्हणजे विषाशी खेळ होय.

मग सामान्य माणसाने करावे काय? या विस्तवाला सरपण घालणे थांबवावे. विडी-सिगारेट, अनियंत्रित मधुमेह आणि सुटलेले पोट ही दाह वाढविणारी सरपणे आहेत. तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका अधिक असतो. कर्नाटकाने 2013 साली गुटख्यावर बंदी घातली. तेथील बसस्थानकांच्या भिंती आजही तिचा उपहास करतात. हिरड्यांचा जुनाट रोग असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असेही दिसून आले आहे. हिरड्यांवरील उपचाराने झटका टळतोच, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. पण दात राखण्यात तोटा तो कोणता?

आमची सूचना साधी आहे. हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, धारवाडला दंतवैद्यकाचे महाविद्यालय आहे. त्यांच्या पथकांनी दरमहा घाट उतरावा; अंकोला, कारवार येथे रक्तदाब, साखर, हिरड्या तपासाव्यात आणि तंबाखू सोडविण्यास साहाय्य करावे. गोवा सरकारनेही काणकोणसारख्या सीमेवरील तालुक्यांत हेच करावे. रोगाला राज्याची सीमा ठाऊक नसते, तेव्हा उपायानेही ती मानू नये.

इस्पितळ हवेच, रुग्णवाहिकाही हवी. पण घर पेटल्यावर बंब कोणत्या वाटेने येणार, याचीच चर्चा करीत बसणाऱ्या गावाने चुलीतला निखारा विझविण्याची सवय कधी लावून घ्यायची? मध्यरात्री घाट चढणाऱ्या रोग्याला हुबळीने दार उघडावे, हे तिचे कर्तव्यच आहे. त्याच्यावर तो घाट चढण्याची पाळीच येऊ न देणे, हे त्याहून मोठे कर्तव्य होय.