ट्रॅक ०७

परवा मामाचा फोन, थेट हिंगोलीहून. ‘‘पुण्यात राहतीस अन् तुला एक गाणं सापडंना व्हय?’’

गाणं म्हणजे एक भीमगीत. दर १४ एप्रिलला मामा सकाळी अंघोळ झाली की हेच लावायचा. ते होतं त्याच्या मेमरी कार्डवर. फोन बिघडला, कार्ड हरवलं, गाणं गेलं. मी सगळी अ‍ॅप्स पालथी घातली. पण शोधणार काय? गायक माहीत नाही, स्क्रीनवर नुसतं ‘ट्रॅक ०७’ यायचं.

आठवतोय ना मंडळी, मेमरी कार्डचा जमाना? बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड फुल्ल! आपण फक्त ‘नवीन टाक’ म्हणायचं, बाकी दुकानातला पोरगा ठरवणार. पायरसीच ती, गाणाऱ्याला छदाम मिळत नव्हता. पण ‘सैराट’ आला २९ एप्रिल २०१६ ला आणि जिओ सप्टेंबरमध्ये. मधल्या लग्नसराईत आमच्याकडच्या वरातींत ‘झिंगाट’ वाजलं, ते या कार्डांच्याच जिवावर.

आपल्याला वाटतं, गाणी आपण निवडतो. छे! निम्मं काम मशीनच करतं. ७८ आरपीएमच्या तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून गाणंही तेवढंच. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळपास हद्दपार झाली, तर पब्लिकनं सरळ रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती आणावी लागली.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेटनं तर धमालच केली. काढायला स्वस्त, घ्यायला स्वस्त. छोट्या कंपन्यांनी भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं धडाधड बाजारात आणली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज टपरीटपरीवर पोचले.

आणि कॅसेटला कव्हर होतं! त्यावर गायकाचं नाव, फोटो. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायची, लेबल लावणाऱ्याला कळावं म्हणून. एमपीथ्रीच्या कॉपीवर कॉपी होत गेल्या आणि हे नावच गळून पडलं. मोठे गायक तरले, त्यांना आवाजावरून कुणीही ओळखतं. पण जिल्ह्यापुरता गाजलेला एखादा गायक? तो झाला ‘ट्रॅक ०७’. आणि आजच्या अ‍ॅपमध्ये ज्याला नाव नाही, तो सर्चमध्ये येतच नाही.

मामाला म्हटलं, गुणगुणून दाखव. त्यानं लाजत लाजत दोन ओळी म्हटल्या, मी रेकॉर्ड केल्या. पुढच्या त्यालाही आठवेनात.

तेव्हा दोस्तांनो, घरच्या ड्रॉवरमध्ये जुनं मेमरी कार्ड पडलं असेल तर फेकू नका. कॉम्प्युटरला लावा, ऐका, घरातल्या मोठ्यांना विचारा कोण गातंय, आणि फाइलला ते नाव देऊन टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि सातवा ट्रॅक भीमगीत निघाला, तर आधी मला कळवा. एप्रिलच्या आत!