वेसण कागदावर

गावची पिण्याची विहीर आठ परस. माझ्या आज्याच्या पिढीनं खणलेली. आज तिच्या तळाला बाभूळ उगवलीय. कारण तिथून दोनशे पावलांवर सहाशे फुटांचा बोअर आहे, आणि तो माझा आहे. पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांत परवानगीशिवाय विहीर नको, हे १९९३च्या कायद्यानंच सांगितलं. २००९च्या कायद्यानं ६० मीटरांच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या, खाली जाणाऱ्या विहिरीला वेसण घातली. वेसण कागदावर, बैल मोकाट! बोअरची गाडी रातभर धडधडली. साहेबांना ऐकू आली नाही. ‘शेतकऱ्याच्या पाण्यात सरकारनं पडू नये,’ असं ग्रामसभेत मीच ओरडायचो. आता म्हणतो, अडवायलाच पाहिजे होतं. मी शिव्या दिल्या असत्या. पण बायाबापड्या टँकरमागं पळाल्या नसत्या.