दंड कायद्याचा, निवड साहेबांची

हेल्मेट नसेल तर दंड भरलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणाला अडवायचं, हे ठरवण्याचा. मोटार वाहन कायद्यात हेल्मेटसाठी कलम १९४ड आहे. पण नाकाबंदी वस्तीच्या तोंडाशी लावायची की बंगल्यांच्या रस्त्यावर, हे कोणत्याच कलमात नाही. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काहीही लिहिणं नियमबाह्यच. मग 'दादा', 'राजे' सुसाट जातात आणि 'जय भीम'वाल्यालाच गाडी बाजूला का घ्यायला लावतात? आधी पूर्ण नाव विचारायचं. आडनाव कळलं की एकाला "जा, पुढच्या वेळी लक्षात ठेव", दुसऱ्याला चलन. गुन्हा तोच!

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच धोका दाखवला होता: संविधानाला हात न लावता, नुसतं प्रशासन वाकडं करून संविधान विकृत करता येतं. कलम १४ कागदावर शाबूत आहे, चौकात नाही.

पोरांनो, चौकात हुज्जत घालू नका. हेल्मेट घाला, प्लेटवर फक्त नंबर ठेवा. आणि वाहतूक शाखेकडे माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका: वर्षभरात नाकाबंदी कुठे कुठे लागली, आणि प्रत्येक ठिकाणी किती चलनं फाडली?