बाईची गोष्ट पोस्टकार्डावर का?

मैत्रिणींनो, आपल्या केंद्रांच्या ईमेलमध्ये काय काय पडून असतं, याची एकदा यादी करून पाहा. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचा मसुदा. मारहाणीनंतरचा वैद्यकीय दाखला. जखमांचे फोटो. बाईला कोणत्या निवारागृहात ठेवलं आहे, तो पत्ता. घरच्यांच्या भीतीने गाव सोडणाऱ्या जोडप्याचं रेल्वे तिकीट. गर्भपाताचे कागद. हे सगळं आपण वकीलबाईंना, दुसऱ्या गावच्या संघटनेला, कधी अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवतो, आणि साध्या ईमेलने पाठवतो. केंद्रात मात्र पहिल्याच भेटीत बाईला सांगतो, ‘तू इथे बोलशील ते या खोलीबाहेर जाणार नाही.’ माझं म्हणणं सरळ आहे. जोवर आपण ईमेल कुलूपबंद करायला शिकत नाही आणि ते कुलूप सांभाळत नाही, तोवर हे वाक्य उच्चारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात ‘गोपनीयता’ हे व्यवसायाचं मूलतत्त्व म्हणून शिकवतात. फायली कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली समुपदेशिकेकडे. पुढे फायली कपाटातून निघून ईमेलमध्ये गेल्या. कुलूप कपाटालाच राहिलं.

ईमेल म्हणजे पोस्टकार्ड, असं नेहमी म्हणतात. आज ते थोडं सुधारून सांगायला हवं. बहुतेक ईमेल आता वाटेत बंद गाडीतून जातात, पण गाडीत असतं ते पोस्टकार्डच. गाडी जिथे उघडते तिथे ते वाचता येतं. पाठवणारीच्या आणि मिळणारीच्या खात्यात ते वर्षानुवर्षं उघडं पडून राहतं. ज्याच्या हाती पासवर्ड लागेल त्याला सगळा इतिहास मिळतो. आणि पासवर्ड कोणाकोणाकडे असतो? कितीतरी बायांचं खातं नवऱ्याने किंवा भावाने उघडून दिलेलं असतं. कितीतरी संस्थांचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असतो, आणि कधीच नोकरी सोडून गेलेल्यांच्या फोनमध्येही असतो.

यावर उपाय नवा नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर लोकांना फुकट वाटलं. त्यात प्रत्येकीकडे दोन किल्ल्या असतात. एक सार्वजनिक किल्ली, ती सगळ्यांना द्यायची. तिने कुलूप फक्त लागतं. दुसरी खाजगी किल्ली, ती आपल्यापाशीच ठेवायची; कुलूप उघडतं ते हिनेच. वकीलबाईंच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर मधल्या कोणालाही, ईमेलच्या कंपनीलाही, वाचता येत नाही. त्या काळी अमेरिकेत अशा एन्क्रिप्शनची निर्यात शस्त्रांच्या नियमांत मोडत असे. झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली, ती १९९६ मध्ये थांबली. ज्याला सरकार शस्त्र समजत होतं, ते आपण ‘पोरांचा कॉम्प्युटरचा नाद’ म्हणून बाजूला ठेवलं आहे.

पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो. ‘आपली चळवळ उघड आहे. घरची गोष्ट घरातच ठेवा, असं म्हणणाऱ्यांशी आपण भांडलो. आता आपणच लपवाछपवी करायची?’ हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आपल्या चळवळीच्या मुळाशी एक खुलं पत्र आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं, आणि १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण त्याच दुरुस्तीने दंडसंहितेत कलम २२८ अ आलं, हे आपण विसरतो. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरला, आणि तिने स्वतः लेखी संमती दिली तर नाव देण्याची मुभा राहिली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये हे संरक्षण आहे.

म्हणजे आपल्याच लढ्यातून दोन गोष्टी आल्या: व्यवस्थेला जाब विचारणारं पत्र खुलं, आणि बाईचं नाव बंद. यात विसंगती कुठे आहे? ‘घरची गोष्ट घरात’ म्हणणारा नवरा तिच्या वतीने ठरवतो की तिने बोलायचं नाही. तिचे कागद उघड्या ईमेलने पाठवणारी संस्था तिच्या वतीने ठरवते की ते कोणीही वाचलं तरी चालेल. दोन्हीकडे ठरवणारं दुसरंच कोणीतरी आहे. त्या १९७२ च्या मुलीचं नाव आपण आजही खटल्याचं नाव म्हणून सर्रास घेतो. तिला कोणी विचारलं होतं का?

दुसरा आक्षेप, ‘हे फार अवघड आहे.’ अवघड आहे, खरं आहे. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर या संशोधकांनी बारा जणांना पीजीपी वापरून दाखवायला सांगितलं. दीड तास दिला. जेमतेम एकतृतीयांश लोकांना मेल नीट बंद करून, सही करून पाठवता आलं. काहींनी तर गुप्त मजकूर उघडाच पाठवला. व्हिटनबाईंचा निष्कर्ष वापरणाऱ्यांच्या बुद्धीबद्दल नव्हता. त्यांनी दोष सॉफ्टवेअरच्या रचनेला दिला. म्हणून ‘आम्हा बायांना हे जमत नाही’ ही भाषा आधी सोडूया. शिवाय आता परिस्थिती बरीच बदलली आहे. थंडरबर्ड हा फुकट मिळणारा ईमेल प्रोग्राम २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय स्वतःच्या आतच देतो. पूर्वी त्यासाठी एनिगमेल नावाचं वेगळं जोडकाम करावं लागे. दोन दुपारी आणि सोबतीला एक मैत्रीण, एवढ्यात हे शिकून होतं.

आपण एफआयआर वाचायला शिकलो, पंचनाम्यातली पळवाट ओळखायला शिकलो, पोटगीचा हिशोब मांडायला शिकलो. त्यातलं काही सोपं होतं का? घोडं अडतं ते अवघडपणापाशी नाही, ‘कॉम्प्युटरचं काम त्या मुलाकडे’ या वाटणीपाशी अडतं. घरातला बँकेचा व्यवहार नवऱ्याकडे का, म्हणून आपण बायांना शिबिरात प्रश्न विचारतो. मग केंद्रातल्या सगळ्या बायांच्या किल्ल्या बाहेरून येणाऱ्या एका मुलाच्या खिशात का?

तयारी असली की काय होतं, याचं उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं. २०१२ च्या अखेरीस एडवर्ड स्नोडेन यांनी आधी ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराशी संपर्क केला. एन्क्रिप्शन बसवण्याचं काम त्यांच्याकडून राहून गेलं. मग स्नोडेन यांनी लॉरा पॉइट्रस या माहितीपट करणाऱ्या बाईंना लिहिलं. त्यांना हे तंत्र आधीपासून येत होतं. ग्रीनवाल्ड पुढे त्यांच्यामार्फत त्या कामात आले.

आता सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. एकदा शिकून, बसवून हे काम संपत नाही. मे २०१८ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावाची फट दाखवली: बंद मेल कोणाच्या हाती लागलं तर त्यात फेरफार करून ते पुन्हा पाठवता येई, आणि मिळणारीचाच ईमेल प्रोग्राम ते उघडून मजकूर चोराकडे पोचवी. २०१९ मध्ये सार्वजनिक किल्ल्यांच्या जुन्या साठ्यांवर हल्ला झाला. काही किल्ल्यांवर खोट्या सह्यांचा एवढा ढीग रचला गेला की त्या घेतल्या की सॉफ्टवेअरच बंद पडे. २०२१ मध्ये थंडरबर्डच्या काही आवृत्त्या बाहेरून आणलेल्या खाजगी किल्ल्या संरक्षणाशिवाय साठवत असल्याचं उघड झालं. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. २०२४ मध्ये किल्ल्यांचं नवं मानक आलं, पण ग्नूपीजी या मोठ्या सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. त्यामुळे नव्या पद्धतीची किल्ली करण्याआधी समोरच्या संस्थेकडे ती चालते का, हे विचारणं भाग आहे. ज्यांनी अपडेट घेतलं त्या यातून सुटल्या. ज्यांनी ‘नंतर करू’ म्हटलं, त्यांचं कुलूप दिसायला कुलूप राहिलं.

देखभाल म्हणजे घरकामासारखंच काम आहे. होत असतं तोवर दिसत नाही, थांबलं की बोंब. ग्नूपीजी अनेक वर्षं जर्मनीतल्या वेर्नर कॉख यांनी जवळजवळ एकट्याने, तुटपुंज्या पैशांत सांभाळलं. २०१५ मध्ये त्याची बातमी झाली तेव्हा कुठे देणग्या आल्या. न दिसणाऱ्या कामाचं मोल काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी आपल्याच अंदाजपत्रकात परिषदेला पैसे असतात, पोस्टरला असतात, संगणकाच्या देखभालीला शून्य.

‘आम्ही व्हॉट्सअॅप वापरतो, ते एन्क्रिप्टेड आहे,’ असंही ऐकू येतं. २०१६ पासून आहे, बरोबर. पण दोनशे जणांच्या गटात टाकलेला फोटो गुप्त कसा राहील? आणि अर्ज, दाखले, निकालपत्रं आजही ईमेलनेच फिरतात. पीजीपीच्याही मर्यादा आहेत. कोणी कोणाला, कधी लिहिलं हे लपत नाही. विषयाची ओळ अनेकदा उघडी राहते, तेव्हा तिथे बाईचं नाव कधीच लिहू नये. खाजगी किल्ली चोरीला गेली तर जुनी मेलंही उघडतात. आणि एक गोष्ट ठामपणे: हे ओझं त्रास सोसणाऱ्या बाईवर टाकायचं नाही. तिच्या फोनमध्ये अचानक दिसलेलं कुलूप हेच मार खाण्याचं निमित्त होऊ शकतं. कुलूप आपल्या बाजूला, संस्था आणि वकील यांच्यामध्ये.

सरकारबद्दल भोळेपणा नको. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या मसुद्यात नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस ठेवावी, असं होतं. ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ मजकूर उघडून देण्याचा हुकूम काढू देतं, आणि नकाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथे लेखी हुकूम लागतो, त्याला न्यायालयात आव्हान देता येतं. उघड्या मेलला कोणाचा हुकूमही लागत नाही.

अनुदान देणाऱ्यांनाही सुनवायला हवं. एका संस्थेने आमच्याकडे दर तिमाहीला बायांची नावं, जात, फोन नंबर आणि ‘केसचा वृत्तांत’ ईमेलने मागितला. आकडे देऊ, नावं नाही, असं म्हटल्यावर आम्हाला ‘पारदर्शकता’ ऐकवण्यात आली. पारदर्शकता हिशोबात हवी. बाईचं आयुष्य म्हणजे हिशोबाची वही नव्हे.

म्हणून प्रत्येक संघटनेने येत्या तीन महिन्यांत एवढं ठरवावं. किमान दोघींनी हे शिकायचं. एकीवर अवलंबून राहायचं नाही. थंडरबर्डला मुख्य पासवर्ड लावायचा, नाहीतर त्या संगणकावर बसणारा कोणीही आपली किल्ली वापरेल. किल्लीची प्रत आणि ती रद्द करण्याचा दाखला वेगळ्या जागी कुलपात ठेवायचा. समोरचीच्या किल्लीचा ठसा फोनवर आकडे वाचून पडताळायचा. महिन्याच्या बैठकीत ‘अपडेट झालं का?’ हा विषय घ्यायचा आणि इतिवृत्तात लिहायचा. अंदाजपत्रकात देखभालीची ओळ घालायची. आणि ज्या मेलची गरज संपली ते पुसून टाकायचं.

ज्यांना हे जास्तीचं काम वाटतं त्यांनी पुढच्या वेळी बाईला खरं सांगावं: ‘तू बोल, पण ते कोण वाचेल याची आम्हाला खात्री नाही.’ मग ती बोलते का, ते पाहावं.