गिरणगाव कोणी दाखवावे?

रविवारी सकाळी चिंचपोकळी स्थानकाबाहेर पंधरा-वीस मंडळी जमतात आणि वाटाड्याच्या मागोमाग लालबागेकडे चालू लागतात, हे दृश्य आता मुंबईकरांना नवलाचे राहिलेले नाही. वारसाफेरी, अथवा सर्वांच्या तोंडी बसलेल्या शब्दात हेरिटेज वॉक, फोर्ट आणि काळा घोडा येथील दगडी इमारतींची वेस ओलांडून गिरणगावापर्यंत येऊन पोचली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ज्या रविवारच्या सुटीमुळे या मंडळींना असे निवांत हिंडता येते, ती सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या वतीने १८८४ पासून चालवलेल्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून मान्य करवून घेतली होती. ही हकीकत वाटाड्याने पहिल्याच वळणावर सांगितली, म्हणजे पुढची सारी वाट निराळ्या नजरेने पाहिली जाते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये ताडदेवला त्यांच्या गिरणीत सूत निघू लागले, आणि मग कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी भायखळ्यापासून दादरपर्यंतचा मुलूख भरून गेला, इतका पूर्वेतिहास बहुतेक फेऱ्यांत चोख सांगितला जातो. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. किल्ला पाहावा, देऊळ पाहावे, त्या रीतीने गिरणी पाहता येत नाही. मंदिराचा गाभारा रिकामा असला तरी शिल्प बोलते; परंतु ज्या इमारतीचा प्रत्येक कोन आत चालणाऱ्या कामाने ठरवलेला असतो, ती इमारत काम थांबल्यावर मुकी होते, आणि तिला बोलती करण्याचे सामर्थ्य ते काम केलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाच्याही अंगी नसते. फिनिक्स गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या बाजारात धुराडे अजून उभे आहे. त्याची उंची आणि विटांची रचना वाटाडे आस्थेने समजावून देतात. मात्र त्याच्या पायथ्याशी किती पाळ्या चालत, सकाळी दरवाजासमोर बदली कामगारांची रांग का लागे, आणि त्या रांगेतून कोणाला आत घ्यायचे हे कामगार भरणाऱ्या जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असल्यामुळे घराघरांत काय काय घडे, हे त्या विटांवरून कळण्याजोगे नाही.

साचेखात्याचे, म्हणजे विणाईच्या खात्याचे, छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते आणि त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असतात, म्हणजे उन्हाची तिरीप न येता कापडावर सारखा उजेड पडतो. हे शास्त्र खरे आहे. पण त्याच छपराखाली सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा राखला जाई आणि त्या दमट उकाड्यात विणकर तासन्‌तास उभा असे, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आणि केवळ एवढ्या कारणाने, सुताला ओठ लागतात म्हणून, अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे अधिक पगाराच्या कामावर, प्रवेश नसे. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवून त्याच्या निवारणाचा आग्रह धरला. गिरणगावाच्या इतिहासातली ही मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे, आणि तिची खूण कोणत्याही भिंतीवर नाही.

एका फेरीत आमच्याबरोबर साचेखात्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक वृद्ध गृहस्थ होते. एका बंद गिरणीच्या कुंपणापाशी ते थांबले. हातात काही नसताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्यांनी अशा काही वेगाने एकमेकांवरून फिरवली, की तुटलेल्या तारेची दोन टोके जुळून गाठ बसल्याचे आम्हांला दिसलेच. मग त्यांनी हातवारे करून दाखवले: मुकादम येतो आहे, पाणी हवे आहे, जेवायला चल. शेकडो साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसल्याने सारा व्यवहार अशा खुणांनी चाले. एका मुलीने काही विचारले तेव्हा तिच्या ओठांकडे पाहत त्यांनी कान पुढे केला, आणि त्या खडखडाटाने त्यांच्याकडून काय नेले, हे आम्हांला न सांगता उमगले. वाटाडी मुलगी सुविद्य आणि अभ्यासू होती. तिने आपली वही मिटली आणि ती उरलेला सगळा वेळ ऐकत राहिली, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो.

करी रोडचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गाला लागले की बीडीडी चाळी येतात. सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत पाळीपाळीने निजणारी माणसे, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, ज्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, यांच्यावाचून गिरणी एक दिवस चालली नसती. या चाळी आता पाडल्या जात आहेत. तेथे अजून राहणाऱ्यांच्या उघड्या दारांकडे कॅमेरे रोखले गेलेले मी पाहिले आहेत. वाटाड्या त्याच चाळीतला असता, तर त्याने आधी दारातल्या माणसाला हाक मारली असती, आणि कदाचित आतून चहाही आला असता.

मँचेस्टरमध्ये, ज्या शहराच्या कापडाशी आपल्या गिरण्यांनी स्पर्धा केली तेथे, कालवे आणि जुन्या वखारींचा कॅसलफील्ड हा भाग १९८२ मध्ये नागरी वारसा उद्यान म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीला आपल्याकडे दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले, त्यांपैकी दोन शहरासाठी व घरांसाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीच दुरुस्ती कायम झाली. जमीन गेली ती गेली. अहमदाबादेसारख्या आपल्या जोडीच्या गिरणीनगरात महापालिकेने १९९७ पासून स्वतः वारसाफेरी चालवली आहे; आपल्या महापालिकेला ते अशक्य आहे असे मला वाटत नाही.

संपाच्या वेळी जो पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडच्या हकीकती वेळीच नोंदवून ठेवल्या, हे त्यांचे थोर उपकार; परंतु छापील पानावर हाताची गाठ दिसत नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची पालिकेची तजवीज आहे. त्या आवारात आजच एक हजेरीपट उघडावा, साचेखाते, रिंगखाते, वाइंडिंग अशा प्रत्येक खात्यातल्या निवृत्त स्त्री-पुरुषांची नावे त्यावर चढवावीत, दर रविवारी त्यांपैकी दोघांना रीतसर मानधन देऊन फेरीबरोबर पाठवावे, आणि ते जे सांगतील, जे हातांनी दाखवतील, त्याचे चित्रीकरण करून प्रत पालिकेच्या दप्तरी क्रमांक घालून जमा करावी.