बँकर लावायला लाज कसली?

कर्जत स्टेशनपासून चार मिनिटांवर माझं औषधाचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. शनिवार-रविवारी तिथलं गिऱ्हाईक बदलतं. मुंबई-ठाण्याहून फार्महाऊसवर आलेली मंडळी येतात, आणि त्यांतला एखादा तरी काउंटरवर कोपर टेकवून, आवाज जरा खाली आणून म्हणतोच, "काका, कोलेस्टेरॉल निघालंय. डॉक्टरनं गोळी लिहिलीय, पण ती नको. एकदा लागली की सुटत नाही म्हणे. काहीतरी नॅचरल द्या ना."

आणि मी देत होतो. खोटं कशाला बोलू? कोलेस्टेरॉलच्या साध्या गोळीची किंमत सरकारनं बांधलेली, त्यात दुकानदाराला सोळा टक्के. जनऔषधी केंद्रात तर दहा गोळ्यांची पट्टी एका वडापावच्या पैशात मिळते. लसूण, हळद, माशाचं तेल, गुग्गुळ अशा कॅप्सूलचा डबा मात्र हजार-चौदाशेला जातो आणि त्यात मला गोळीच्या कितीतरी पट सुटतात. म्हणजे हा लेख मी माझ्याच गल्ल्याविरुद्ध लिहितोय.

मागच्या पावसाळ्यात खोपोलीच्या एका कारखान्यातला फिटर आला. पन्नाशीचा, हाडापेरानं मजबूत माणूस. "शेठ, मांड्या भरून येतात. जिना चढवत नाही." दुखण्याची गोळी हवी होती. मी विचारलं, सध्या काय काय चालू आहे? त्यानं पिशवीतून अॅटोरव्हास्टॅटिनची पट्टी काढली. ती डॉक्टरांची. मग एक डबा काढला. तो माझ्या दुकानातला, झाकणावर माझ्याच हातचा किमतीचा स्टिकर. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागचा बारीक छापलेला मजकूर वाचला. तिसऱ्या ओळीत होतं, रेड यीस्ट राइस.

"तांदूळच तर आहे, शेठ," तो म्हणाला. "आमच्या आजीच्या हयातीत घरात लाल तांदूळच शिजायचा."

चूक त्याची नव्हती. आमचा तालुकाच भाताचा, 'कर्जत' नावाची भाताची वाणं इथल्या संशोधन केंद्रातून निघाली. लाल तांदूळ म्हटलं की आमच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उखळ येतं. पण डब्यातला हा तांदूळ मोनॅस्कस नावाची बुरशी चढवून आंबवलेला असतो, आणि त्या बुरशीत मोनाकोलिन-के नावाचं रसायन तयार होतं. १९८७ साली अमेरिकेत लोव्हास्टॅटिन या नावानं गोळी मंजूर झाली, ते हेच रसायन. म्हणजे हा माणूस दोन स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारी दोन औषधं, एकदम खात होता. एक मोजून दिलेलं, दुसरं किती ते डबा बनवणाऱ्यालाच ठाऊक, कदाचित त्यालाही नसेल. मांड्या त्या दुहेरी माऱ्यानंच भरून येत असाव्यात. आणि ते मी विकलं होतं, आणखी काय चालू आहे ते न विचारता.

स्टॅटिन गोळ्यांचा जन्मच मुळी धान्याच्या दुकानात झाला. अकिरा एंदो हा जपानी शास्त्रज्ञ उत्तर जपानातल्या शेतकऱ्याच्या घरचा. लहानपणापासून बुरशीचं वेड. दोन वर्षांत हजारो बुरश्या तपासल्यावर १९७३ साली त्याला हवं ते रसायन सापडलं, ते क्योतोतल्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. २०२४ साली तो गेला. तेव्हा नैसर्गिक हवं म्हणणाऱ्याला मी आता सांगतो, बाबा रे, डॉक्टरांची गोळी त्याच घराण्यातली आहे, फक्त तिचं वजनमाप केलेलं आहे.

याचा अर्थ पथ्य आणि चालणं फुकट, असा नाही. माझंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी, छप्पन्नाव्या वर्षी, माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आणि ट्रायग्लिसराइड २४० निघालं. डॉक्टरांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. फरसाण बंद केलं. पाकिटावर वाचा, बहुतेक पामोलीन असतं, आणि पाम तेलातली निम्मी चरबी तुपासारखीच सॅच्युरेटेड. चहाबरोबरची खारी बंद. स्टेशनचा वडापाव रोज होता, तो पंधरवड्यातून एकदा. अगदीच सोडायला मी काही संत नाही. भात अर्ध्यावर, रात्री नाचणीची भाकरी, आणि रोज एक वेळ उसळ, म्हणजे कधी मटकी, कधी चवळी, कधी कडव्या वालांचं बिरडं. पहाटे साडेपाचला निघून दहिवलीच्या बाजूला नदीच्या पुलावरून फेरी. पहिल्या आठवड्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांनी मला चोर ठरवलं, पुढे ओळख झाली.

तीन महिन्यांनी वजन सहा किलोंनी उतरलं. ट्रायग्लिसराइड १४८ वर आलं. एलडीएल मात्र १४२.

घरात सगळे खूश, मी हिरमुसलो. मग वाचत बसलो. टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी ओट्स, सोया, बदाम, कडधान्यं असा आहार माणसांना तयार करून पुरवला, तेव्हा महिन्याभरात एलडीएल पाव हिश्शाहून जास्त उतरलं, जवळजवळ गोळीइतकं. ते २००३ साली. २०११ साली त्यांनी लोकांना नुसता सल्ला देऊन घरी पाठवलं, तेव्हा उतार तेरा-चौदा टक्क्यांवर आला. माझा पंधरा. म्हणजे माझ्या घरानं बरंच केलं म्हणायचं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, ताटातून येणारा वाटा लहान. चालण्यानं ट्रायग्लिसराइड झपाट्यानं खाली येतं, एलडीएल मात्र फारसं बधत नाही.

माझा थोरला भाऊ सडपातळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, दर पावसाळ्यात कोंदिवड्याहून राजमाची चढणारा. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला झटका आला. एलडीएल २३० च्या वर. वडील चोपन्नाव्या वर्षी गेले, तेव्हा कोणी मोजलंच नव्हतं. माझा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "वडील, भाऊ, आणि तुमचं बीपी. आणखी कशाची वाट बघायची?" गोळी सुरू केली. चालणं आणि बिरडं चालूच आहे.

कर्जतकराला हे समजायला अवघड जाऊ नये. इथून पुढे घाट सदतिसास एक असा चढतो. पुण्याकडची गाडी इथे थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात आणि मग ती लोणावळ्याला पोचते. पुढच्या इंजिनाला कोणी नालायक म्हणत नाही, चढच तसा आहे. हे मी एका शनिवारच्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, तर तो हुशार निघाला. म्हणाला, "वंदे भारत जाते की बँकरशिवाय!" जाते. २०२३ पासून जाते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. "तुमचा रिपोर्ट दाखवा," म्हटलं, "तुमच्या खाली किती मोटारी आहेत ते बघू." काहींच्या असतातही. वय कमी, बीपी-साखर नाही, घराण्यात कोणाला झटका नाही, अशा माणसानं तीन-सहा महिने पथ्यावर काढले तर डॉक्टरही अडवत नाहीत. पण स्टेंट बसलेला माणूस मेथीच्या पाण्यावर गोळी सोडतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'नं आपल्याकडे कितीतरी घरांतलं तेल कमी केलं, माझ्याही. पण वाचणारे त्यातलं चालणं आणि ध्यान लक्षात ठेवतात, लेखकाची अँजिओप्लास्टी झाली होती हे सोयीनं विसरतात.

राहिले डबे. २०२२ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस अशा सहा प्रकारच्या कॅप्सूल, कमी मात्रेची एक स्टॅटिन गोळी आणि खोटी गोळी यांची अठ्ठावीस दिवस तुलना केली. गोळीनं एलडीएल सुमारे अडतीस टक्के उतरलं. सहांपैकी एकही खोट्या गोळीच्या पुढे गेली नाही. आपल्या गुग्गुळाची तर अमेरिकेत २००३ साली उलटीच तऱ्हा झाली, घेणाऱ्यांचं एलडीएल थोडं वाढलं. हळद-लसूण आमटीत घाला, पिढ्यान्‌पिढ्या घालतोय. ती कॅप्सूलमध्ये भरली की कायद्यानं अन्नच राहते, डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं, आणि मी ती औषधांच्या फळीवर मांडून विकत होतो. ही फळी तरी सगळीकडे वेगळी हवी. मी माझ्यापुरती केली आहे.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. जूनच्या तोंडाशी ठाकर-कातकरी बायका बाजारात शेवळं घेऊन बसतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी येतात. फार्महाऊसवाले शेजारून गाडी काढतात आणि माझ्याकडे चिया आहे का विचारतात. आणि त्याच बायका संध्याकाळी परतताना पोरांसाठी पाच-पाच रुपयांची तळलेली पाकिटं आणि पामोलीनची पिशवी नेतात.

फिटरला मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं होतं. डबा बंद केला, पंधरा-वीस दिवसांत पाय मोकळे झाले. गोळी डॉक्टरांनी चालू ठेवली. दिवाळीआधी तो पुन्हा आला, पट्टी घेतली आणि घुटमळला.

"शेठ, अर्धा डबा उरलाय. परत घेता का?"

मी गल्ला उघडला आणि पूर्ण डब्याचे चौदाशे मोजले.